घरातील जुनी गाडी पुन्हा उभी करावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशातील कितीतरी घरांत, वाड्याच्या ओसरीत, खळ्यातील शेडमध्ये किंवा गोठ्याच्या कडेला एखादी गाडी जुन्या गोधडीखाली उभी असते आणि तिचे काय करायचे हा विषय दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निघून पुन्हा मागे पडतो. आमच्या घरी ती गाडी म्हणजे नानांची, माझ्या वडिलांची, १९८७ सालची बजाज चेतक होती. अकरा वर्षे बंद राहिल्यानंतर आम्ही ती चालू केली, आणि त्यानंतर थोरल्या काकांच्या जीपच्या कामातही माझा सहभाग राहिला. तेव्हापासून जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील नातेवाईक व परिचित जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

निर्णयाची सुरुवात कोठून करावी?

मेकॅनिकपासून करू नये. मेकॅनिककडे गेलात की त्याला जे काम येते तेच तो सुचवतो. पेंटर रंग सुचवेल आणि इंजिनवाला बोअर मारायला, म्हणजे सिलिंडर आतून घासून नीट करायला, सांगेल. त्याआधी घरातल्यांनी एकत्र बसून ठरवावे की या गाडीकडून आपल्याला नेमके काय हवे आहे. मार्ग तीन आहेत. गाडी आहे तशी जपून ठेवणे, म्हणजे तिची झीज थांबवून तिला कोरड्या जागी नीट उभी करणे; दुसरा, तिला सुरक्षितपणे चालती करणे, पण रूप जुनेच ठेवणे; आणि तिसरा, शोरूममधून आल्यासारखी नवी करणे. तिन्हींचा खर्च, वेळ आणि फळ पूर्णपणे वेगळे असते, आणि पुढे जे पश्चात्ताप होतात त्यांतले बहुतेक हे तीन मार्ग एकमेकांत मिसळल्यामुळे होतात, असे माझे मत आहे.

आम्हाला खरे तर फक्त दोन गोष्टी हव्या होत्या: तो आवाज पुन्हा अंगणात ऐकू यावा आणि नानांनी एकदा तरी ती गाडी गावच्या फाट्यापर्यंत न्यावी. त्यासाठी दुसरा मार्ग पुरेसा होता. आम्ही तिसरा धरला.

नवी करण्यात चूक काय आहे?

चूक नाही, पण ज्या खुणांमुळे ती गाडी आपली असते, त्या खुणा नव्या रंगाखाली जातात. आमच्या चेतकच्या पायदानावर ब्रेकच्या बाजूला नानांच्या चपलेने घासून रंग उडाला होता, आणि डाव्या डिकीवर दुधाच्या कॅनच्या कडीचा लांब ओरखडा होता. पेंटरने सगळा जुना रंग काढला, लांबी (खड्डे बुजवणारी पुट्टी) भरली, प्रायमर मारला आणि गाडी आरशासारखी केली. नाना ती पाहून बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि नंतर त्यांनी विचारले की ही आपलीच आहे ना. तो प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून माझा आग्रह असा आहे की, ज्या भागाचा पत्रा गंजून खाल्ला गेला आहे तेवढाच भाग कापावा, जोडावा आणि रंगवावा. बाकीच्या जुन्या रंगाला आधी हलक्या हाताने कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) मारून पाहावे. वर्षानुवर्षांची धूळ निघाल्यावर मूळ रंग अनेकदा अपेक्षेपेक्षा चांगला निघतो. रंग नंतर केव्हाही देता येतो, पण एकदा काढलेला जुना रंग परत आणता येत नाही.

गाडी वाचवण्याजोगी आहे की नाही, हे घरच्या घरी कसे तपासावे?

येथे आपल्या भागाची परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. खान्देशाची हवा कोकणाइतकी दमट नसल्यामुळे आपल्याकडील गाड्यांचा पत्रा तुलनेने बरा राहतो. मात्र उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि त्या कोरड्या उष्णतेत टायर, नळ्या, ऑइल सील, काचेभोवतीची रबरे असे रबराचे सगळे भाग कडक होऊन तडकतात. त्यामुळे वरून ठणठणीत दिसणाऱ्या गाडीचेही रबर पूर्णपणे बदलावे लागेल असे गृहीत धरावे.

गंजाची कारणे आपल्याकडे वेगळी आहेत. गाडी जर धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात उभी असेल, तर छतावरची खारी माती पावसाळ्यात गळून टपावर आणि सीटखाली साचते, आणि तिच्यातील क्षार पत्रा खातात. त्याहून वाईट म्हणजे रासायनिक खतांच्या गोण्या. केळी आणि कापसाच्या पट्ट्यात गाडीची शेड आणि खताची शेड बहुधा एकच असते; खत हवेतील ओल ओढून घेते आणि शेजारच्या लोखंडाला झपाट्याने गंज चढवते. काकांची जीप ज्या बाजूने युरियाच्या थप्पीला लागून होती, त्या बाजूचा पत्रा बोटाने दाबला तरी आत जात होता आणि दुसरी बाजू जवळजवळ धड होती.

तपासणीसाठी एक लहान लोहचुंबक आणि एक पेचकस पुरतो. चुंबक पत्र्यावरून फिरवावा. जेथे तो धरत नाही तेथे पूर्वी लांबी भरून गंज झाकलेला आहे असे समजावे. पेचकसाच्या टोकाने स्कूटरच्या पायदानाखाली, मोटारीच्या फ्लोअरवर, बॅटरीच्या तबकाखाली आणि स्टेपनीच्या खड्ड्यात टोचून पाहावे. चेतकसारखी स्कूटर, पद्मिनी किंवा अँबॅसॅडर यांना वेगळी चॅसी (खालचा लोखंडी सांगाडा) नसते, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून त्यांचा फ्लोअर गेला असेल तर प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही, तो सुरक्षिततेचा होतो. जीपचे तसे नसते. तिची चॅसी स्वतंत्र असते आणि ती सरळ असेल तर वरची बॉडी नवी बसवता येते.

सरकी किंवा धान्य जवळ साठवलेले असेल तर उंदरांनी वायरिंग कुरतडलेले असण्याची शक्यता मोठी असते. सीटच्या आत आणि एअर फिल्टरच्या डब्यात घरटे आहे का तेही पाहावे.

एकदा किक मारून पाहिली तर चालेल का?

कृपया मारू नका. घरी पाहुणे जमले की कोणीतरी उत्साहाने किक मारतो किंवा गाडी ढकलून गिअरमध्ये टाकतो, आणि बरे असलेले इंजिन त्या दिवशी खराब होते. बंद सिलिंडरमध्ये पिस्टन आणि रिंगा गंजाने चिकटलेल्या असतात. जोर लावला की रिंग तुटते किंवा सिलिंडरला चर पडते. आधी प्लग काढून त्या भोकातून थोडे तेल सोडावे, दोन-तीन दिवस मुरू द्यावे, आणि मग हाताने हळूहळू इंजिन फिरते का ते पाहावे.

टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये, म्हणजे चेतक, राजदूत, येझदी किंवा लुनामध्ये, आणखी एक धोका असतो. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंची ऑइल सील वाळलेली असतील तर इंजिन चालू होते, आवाजही चांगला येतो, पण सीलमधून जादा हवा आत शिरून हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ होते आणि थोड्याच अंतरात पिस्टन तापून जाम होतो. म्हणूनच ‘चालू झाली, म्हणजे इंजिन चांगले आहे’ हा निष्कर्ष काढू नये. सील बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही, हा नियम आम्ही पाळला आणि तो योग्य ठरला.

कोणत्या गाड्यांचे काम सोपे जाते?

ज्यांचे सुटे भाग अजून मिळतात त्यांचे. चेतकचे उत्पादन या शतकाच्या पहिल्या दशकात थांबले, पण १९७२ पासून ती इतक्या प्रचंड संख्येने विकली गेली की तिचे बहुतेक भाग आजही सापडतात आणि ती खोलता येणारे मिस्त्री तालुक्याच्या गावीही आहेत. बुलेटचे आणि मारुती ८०० चेही तसेच आहे. येझदीचे म्हैसूरचे उत्पादन १९९६ मध्ये बंद झाले, तरी तिच्यावर जीव असणारे लोक देशभर असल्याने भाग मिळतात, फक्त किंमत जास्त पडते. राजदूतचे काही भाग शोधण्यात महिने जातात.

प्रीमियर पद्मिनीबाबत थोडा विचार करावा. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, पण मुंबईतील काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे भागांचा बाजार पुढेही जिवंत राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली आणि तो आधार संपला. म्हणून पद्मिनी असेल तर काचा, दिव्यांच्या चौकटी, बंपर आणि चिन्हे आपल्या गाडीवर शाबूत आहेत का ते प्रथम मोजावे. इंजिनचे भाग लेथवर घडवता येतात, पण पुढची काच घडवता येत नाही.

खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

आम्हाला चेतकसाठी २८ हजारांचा अंदाज मिळाला होता आणि प्रत्यक्षात ४६ हजार लागले. वाढ फसवणुकीमुळे झाली नाही. रंग काढल्यावर पायदानाचा गंज दिसला आणि इंजिन खोलल्यावर क्रँकचे बेअरिंग गेलेले निघाले. जुन्या गाडीचा खरा खर्च ती खोलल्यानंतरच कळतो. त्यामुळे इंजिन, पत्रा-रंग, आणि वायरिंग-टायर-रबर असे तीन वेगळे अंदाज मागावेत, आधी फक्त इंजिन आणि ब्रेकचे काम करून घ्यावे आणि तेथे थांबून पुढचे ठरवावे. ब्रेक, टायर आणि सुकाणू यांत मात्र काटकसर करू नये.

हा पैसा गाडी विकून परत येईल अशी अपेक्षा ठेवू नये. कापसाच्या किंवा केळीच्या विक्रीच्या पट्टीतून वर्षभराचे घर चालवून जे उरते, त्यातूनच हे काम व्हावे. त्यासाठी कर्ज काढू नये असे मी स्पष्टपणे सांगतो.

कागदपत्रांचे काय?

ज्यांना गाडी रस्त्यावर चालवायची आहे त्यांनी गॅरेजच्या आधी कागद पाहावेत, कारण कागद अडले तर चकचकीत गाडी अंगणातच उभी राहते. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते; त्यानंतर नमुना २५ मध्ये अर्ज करून, वाहन तपासणीसाठी नेऊन, पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील दुचाकीसाठी १,००० आणि मोटारीसाठी ५,००० रुपये शुल्क लागू झाले, आणि ऑगस्ट २०२५ मधील अधिसूचनेने वीस वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी ते अनुक्रमे २,००० आणि १०,००० रुपये केले. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो, आणि मुदत टळून गेली असेल तर महिन्यांच्या हिशेबाने विलंबशुल्क चढते. म्हणून एकूण आकडा आपल्या परिवहन कार्यालयातून आधीच काढून घ्यावा.

१९८९ पूर्वीच्या गाड्यांवर ‘एमएच’ऐवजी तीन अक्षरी जुने क्रमांक असतात. अशा गाडीची नोंद बहुधा फक्त कागदी नोंदणी पुस्तकात (आरसी बुकात) असते आणि ती संगणकीय प्रणालीत चढवून घ्यावी लागते. याला कार्यालयात बॅकलॉग एन्ट्री म्हणतात. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे तेथील जुन्या गाड्यांचे मूळ दप्तर धुळ्याचे, एमएच-१८ चे असते. आरसी बुक हरवले असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून नमुना २६ मध्ये दुय्यम प्रत मागता येते. चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक पुस्तकाशी जुळतात का, हे गाडीला रंग लागण्यापूर्वी पाहावे. जाड रंगाखाली ठोकलेले आकडे बुजतात आणि तपासणीत अडचण येते. इंजिन किंवा रंग बदलला तर त्याची नोंदही पुस्तकात करून घ्यावी लागते.

मूळ मालक हयात नसतील तर नमुना ३१ मध्ये वारसाच्या नावे हस्तांतर होते. कायद्याने यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली आहे, पण आपल्याकडे कितीतरी गाड्या वीस-वीस वर्षे आजोबांच्याच नावावर असतात. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते.

काकांच्या जीपचे काम सर्वांत जास्त एका जुन्या ओळीने अडवले. पुस्तकात एका पतसंस्थेच्या कर्जाचा बोजा होता. कर्ज कधीच फिटले होते, पण बोजा उतरवायचा नमुना ३५ कोणी सही करून घेतला नव्हता, आणि मधल्या काळात ती संस्था अवसायनात गेली, म्हणजे बंद होऊन तिचे व्यवहार मिटवणे सुरू झाले. शेवटी अवसायकांकडून पत्र मिळवण्यात आमचे सात महिने गेले. पुस्तक उघडून त्या रकान्यात काही लिहिले आहे का, हे आजच पाहून घ्या.

चालवण्यापूर्वी किमान तृतीय पक्ष विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र) आणि, १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सर्व वाहनांना बंधनकारक असलेली, उच्च सुरक्षा क्रमांकपाटी लागते. जुनी हाताने रंगवलेली पाटी फेकू नये. ती भिंतीवर लावावी.

पंधरा वर्षांनंतर गाडी सक्तीने भंगारात द्यावी लागते, हे खरे आहे का?

खासगी गाडीच्या बाबतीत महाराष्ट्रात तसे नाही. वयावरून बंदीची चर्चा दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या प्रदेशाची आहे, आणि पंधरा वर्षांची सक्ती सरकारी वाहनांना आहे. आपली गाडी तपासणीत उत्तीर्ण होत असेल तर नूतनीकरण मिळते.

आमची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येईल का?

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकींनाच ही नोंदणी मिळते. तिच्यासाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी क्रमांकमालिका आहे, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून मुदत दहा वर्षांची आहे. मात्र अशी गाडी नित्याच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन आणि देखभाल व इंधनासाठीच ती रस्त्यावर नेता येते. ज्यांना गाडी घेऊन बाजाराला किंवा शेतात जायचे आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग नाही.

आजचे पेट्रोल जुन्या इंजिनला चालते का?

चालते, पण तयारी करावी लागते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांच्या नळ्या आणि कार्बोरेटरमधील रबरी भाग त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात किंवा मऊ होऊन गळू लागतात. इथेनॉल पाणीही ओढते, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीच्या तळाशी ते पाणी साचून गंज धरतो. म्हणून पेट्रोलची नळी इथेनॉल सहन करणारी बसवावी, टाकी आतून साफ करून घ्यावी आणि गाडी जास्त काळ उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी. चेतकसारख्या गाडीत लिटरमागे सुमारे २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल मिसळायला विसरू नये. हल्लीच्या मुलांना ते माहीत नसते, आणि एका चुकीच्या टाकीत नवा बोअर जातो.

भावाबहिणींचे एकमत होत नसेल तर काय करावे?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. एकाला गाडी चालवायची असते, दुसऱ्याला ती जशी आहे तशी ठेवायची असते आणि तिसऱ्याला जागा मोकळी हवी असते. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणासाठी सगळे भाऊबंद एकत्र येतात, तेव्हा हा विषय काढावा, आणि तो फोनवर कधीही मिटवू नये. बहिणींना आवर्जून विचारावे. त्या वारस आहेतच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडीच्या आठवणी पुष्कळदा त्यांच्याकडेच जास्त असतात. माझी बहीण त्याच चेतकवरून परीक्षेला गेली होती आणि मूळ रंग कोणता होता हे केवळ तिलाच नीट आठवत होते. खर्च कोण करणार, गाडी कोणाच्या दारात राहणार आणि पुढे विकायची झाली तर कोणाला विचारायचे, या तीन गोष्टी साध्या कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात.

ज्यांची ती गाडी आहे ते वडीलधारे हयात असतील तर अंतिम शब्द त्यांचा असावा. आणि काम त्यांच्यासाठी करत असाल तर लांबवू नका. नाना ऐंशीच्या घरात होते, किक मारणे त्यांना जमत नव्हते. मी किक मारून दिली आणि ते फाट्यापर्यंत जाऊन आले. रंगाच्या हट्टापायी आम्ही घालवलेल्या पाच महिन्यांत ते आणखी कितीदा तरी गेले असते.

काम कोणाला द्यावे?

ज्याच्या अंगणात त्याच जातीची दुसरी गाडी चालू स्थितीत उभी आहे, त्याला. काम सुरू होण्याआधी गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, आणि चिन्हे, मीटर, मूळ दिवे, हँडलचे कुलूप असे न मिळणारे भाग स्वतः काढून घरी ठेवावेत. आमच्या चेतकचे मूळ मीटर एका गॅरेजमधून परत आलेच नाही. त्यावरचे किलोमीटर नानांनी चालवलेले होते, आणि बदली बसवलेल्या मीटरला आमच्या घरी काही अर्थ नाही. बदललेले जुने भाग परत मागावेत आणि पैसे टप्प्याटप्प्यानेच द्यावेत.

दुरुस्त करायची नाही असे ठरले तर?

तोही तितकाच आदराचा निर्णय आहे. ठेवायची असेल तर पेट्रोल काढून टाकावे, बॅटरी उतरवावी, सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, चाके विटांवर उचलून धरावीत आणि प्लॅस्टिकऐवजी सुती कापड टाकावे, म्हणजे आत ओल कोंडत नाही. द्यायची असेल तर नमुना २९ आणि ३० भरून नाव बदलल्याची खात्री करूनच द्यावी, कारण नाव आपलेच राहिले तर पुढच्या अपघाताची जबाबदारीही आपल्याकडे येते. मोडीत काढायची असेल तर नोंदणीकृत केंद्रातच द्यावी आणि आरसी रद्द करून घ्यावी.

आखाजीपर्यंत गाडी तयार होईल का?

दिवाळीनंतर सुरुवात केली तर बहुधा होईल. पावसाळ्यात रंगाखाली ओल अडकते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात रंग पत्र्यावर नीट बसण्याआधीच सुकून खरखरीत होतो. आपल्याकडे रंगकामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने चांगले आहेत. त्यामुळे पावसाळ्यात कागद आणि सुटे भाग गोळा करावेत, दिवाळीनंतर गाडी खोलावी, थंडीत पत्रा-रंग आटोपावा आणि मार्चमध्ये इंजिन बसवून परिवहन कार्यालयाची तारीख घ्यावी. नवा पिस्टन बसवला असेल तर पहिले पाचशे किलोमीटर गाडी हळूच चालवायची असते, म्हणून आखाजीला माहेरी आलेल्या बहिणींना मागे बसवून लांबच्या गावी नेण्याचे कबूल करू नका. गावातल्या गावात एकेकीला फेरी मारून आणा.